सोनेरी तोफेचा हरवलेला तुकडा

एक

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, दुपारी रेवाकुंज सोसायटीच्या गच्चीवर सोन्याची तोफ फुटली.

सोन्याची म्हणजे सोनेरी रंगाची. बडोद्याला एके काळी खऱ्याखुऱ्या सोन्याच्या तोफा होत्या, हे इथे जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या कुणालने बटाटे उडवणारी तोफ करायला घेतली, तेव्हा ती सोनेरीच हवी यावर सगळ्यांचं झटकन एकमत झालं. तोफ कसली, पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपांचा खटाटोप! मागे एक जाड पाइप, त्याला सगळे तोफेचं पोट म्हणत. त्यात सायकलच्या पंपाने हवा कोंडायची. पुढे लांब नळी आणि नळीच्या तोंडात बटाटा. हवा सोडली की बटाटा कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटात जाऊन पडायला हवा, अशी एकूण योजना होती.

रंगवायचं काम रसिकाने घेतलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या शरच्चंद्र फणसे आणि अहल्याबाईंची ही एकुलती एक मुलगी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने पोटावर सोनेरी रंगावर लाल वेल काढली होती आणि वेलीला हिरवी पानं. इतकी सुरेख, की ही फोडायची वस्तू नसून दिवाणखान्यात मांडायची आहे असं वाटावं.

स्नेहलताताई तेव्हा गच्चीच्या कठड्याशी चिक्कीची ताटली घेऊन उभ्या होत्या. कोयलीच्या रिफायनरीत पाइपांची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुठला पाइप कुठे झिजला, कशामुळे तडकला, हे त्या नुसता हात फिरवून सांगत. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नव्हती. ताई पाइपची कुंडली मांडतात, अशी त्यांची सोसायटीत थट्टा होई. तोफेचं पोट प्लॅस्टिकचं आहे आणि त्यात हवा भरताहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ताटली खाली ठेवली.

"कुणाल, थांब! पंप मारू नकोस!"

पण त्याच क्षणी शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!" असा पतंग काटल्याचा गिल्ला झाला, भोंगे वाजले, थाळ्या वाजल्या. कुणालने आणखी एकदा पंप दाबला. रसिका पोट हलू नये म्हणून त्यावर उजवा हात दाबून बसली होती.

आवाज इतका मोठा झाला की खालच्या रस्त्यावरच्या लोकांना ट्रान्स्फॉर्मर उडाला असं वाटलं. सोनेरी तुकडे सगळ्या गच्चीभर उडाले. कुणालच्या गालावर ओरखडा उठला. रसिका आपल्या हाताकडे बघत राहिली. कोपराच्या खाली बाही फाटली होती आणि रक्त धारेने गळत होतं.

अहल्याबाई किंचाळत धावल्या. त्यांच्या मागोमाग शरच्चंद्र आले. त्यांनी लेकीला सावरलं, पण डाव्या हाताने. उजवा हात त्यांनी जाकिटाच्या खिशात घातला होता आणि जिना उतरेपर्यंत तो बाहेर काढला नाही. स्नेहलताताईंनी हे पाहिलं, पण तेव्हा त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

दोन

सगळे इस्पितळाकडे धावले. मागे राहिले सोसायटीचे सेक्रेटरी परिमलभाई, आणि त्यांच्या हातात झाडू.

"झाडू खाली ठेवा," स्नेहलताताई म्हणाल्या.

"अरे ताईबेन, छोकरांच्या पायात लागशे. कचरा छे बधो."

"कचरा नाही तो. एकही तुकडा टाकायचा नाही. वेचायला लागा माझ्याबरोबर."

परिमलभाई कुरकुरले, पण वाकले. पतंगाच्या मांजातून, उंधियूच्या सांडलेल्या रश्श्यातून, टाकीच्या मागून, कुंडीतल्या तुळशीतून त्यांनी तुकडे वेचले. ताईंनी ते सुपात घेतले. तुकड्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होत्या. लोखंड फुटतं तेव्हा आधी फुगतं, वाकतं, फाटतं. हे प्लॅस्टिक काच फुटावी तसं फुटलं होतं. ताईंनी नोकरीत हेच शंभर वेळा सांगितलं होतं, की प्लॅस्टिकच्या पाण्याच्या पाइपात हवा कोंडायची नाही. पाणी कोंडलं आणि पाइप तडकला तर चार थेंब उडून दाब संपतो. हवा दाबून बसवलेली असते. तिला फट मिळाली की ती सगळी एकदम बाहेर पडते आणि पाइपलाही बरोबर घेऊन जाते.

म्हणजे फुटण्यात नवल नव्हतं. तरी एक तुकडा हातात घेऊन त्या थबकल्या.

बाहेरून सोनेरी. पण आतल्या बाजूला पांढरट, खरखरीत थर होता. नखाने खरवडला तर भुकटी पडली. बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्यात बसतो तसला क्षार.

"परिमलभाई, कुणालने पाइप नवा आणला होता ना?"

"एवो तो कहतो हतो."

नव्या पाइपाच्या पोटात क्षार कुठून येणार? हा पाइप कित्येक वर्षं पाणी वाहून थकलेला होता.

तीन

कुणाल इस्पितळाच्या बाकावर गालाला पट्टी लावून बसला होता. आत जायची त्याची हिंमत नव्हती आणि घरी जायचीही नव्हती.

"खरं सांग," ताई त्याच्या शेजारी बसत म्हणाल्या. "पाइप कुठून आणलास?"

"मांडवीजवळच्या दुकानातून, मावशी. नवा, जाड. दुकानदाराने मापात कापून दिला. मी रसिकाकडे दिला. तिने सोनेरी रंग देऊन रात्रभर वाळत ठेवला, सकाळी वेल काढली आणि मला परत दिला. मी फक्त टोकांना झाकणं बसवली, आत डोकावलंही नाही. तुमच्या सोगन, शपथेवर सांगतो!"

"मग हा जुना कसा?" ताईंनी तुकडा पुढे केला.

कुणालने तो आतून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "हा माझा नाहीच."

तेवढ्यात परिमलभाई आले. ते गच्चीवर जाऊन पुन्हा बघून आले होते. दिवाळीत टाकीची लाइन बदलली, तेव्हा काढलेले जुने पाइप भंगारवाला येईपर्यंत टाकीमागे ठेवले होते. त्यातला एक कापून नेलेला होता.

"जोयुं? फुकटचा पाइप लीधो एणे, अने आता जूठूं बोले छे! ताईबेन, हुं पोलीस चोकी जाऊं छुं. छोकरीचा हात गयो तो कोण जवाबदार?"

"मी नाही घेतला!" कुणालचा आवाज फाटला. "मी मूर्ख असेन, पण खोटारडा नाही."

स्नेहलताताईंनी दोघांकडे पाहिलं. कुणाल खोटं बोलत असता, तर त्याने पाइप रसिकाकडे देताना तरी तो जुना असल्याचं तिच्या डोळ्यांना दिसलं असतं. चित्र काढणाऱ्या मुलीला नवंजुनं कळत नाही, असं होणार नाही. परिमलभाईंना तोफेचा राग होता, ते उघडच बोलत. पण रंगवलेला पाइप होता फणश्यांच्या घरात, आणि परिमलभाई त्यांच्या घरी पाय ठेवत नसत; पार्किंगवरून दोन घरांत अबोला होता.

"परिमलभाई, चौकीत उद्या जा. आज मला एक प्रश्न विचारायचा आहे."

"कोनाला?"

"त्या रात्री पाइप ज्या घरात वाळत होता, त्या घराला."

चार

शरच्चंद्र रसिकाचे कपडे न्यायला घरी आले होते. ताईंना दारात बघून त्यांनी अर्धवट भरलेली पिशवी खाली ठेवली.

फणश्यांच्या तीन पिढ्यांनी दरबारचं दप्तर सांभाळलं होतं. शरच्चंद्रही जुन्या कागदपत्रांच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि आता घरी बसून लोकांच्या फाटक्या पोथ्या, जीर्ण पुस्तकं नीट करून देत. टेबलावर एक पोथी उसवून पसरलेली होती, बारीक करवत होती, दाबाचे फळे होते. वाडग्यात खळ होती, किंचित निळसर.

"ही निळी कशी हो?" ताईंनी सहज विचारलं.

"मोरचूद घालतो चिमूटभर. नुसत्या कणकेच्या खळीला कसर लागते. वडिलांची पद्धत." हे बोलताना त्यांचा आवाज क्षणभर नेहमीसारखा झाला. मग लगेच घट्ट झाला. "ताई, त्या कुणालची वकिली करायला आल्या असाल तर माफ करा. मी पहिल्यापासून विरोधात होतो. रसिकाला सांगून थकलो. तिने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण मी ऐकलं नाही. तिनेही ऐकलं नाही."

"पाइप कुठे वाळत होता?"

"बाल्कनीत. मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही."

त्यांना कुणी ते विचारलं नव्हतं.

ताई पुढे काही बोलणार, इतक्यात फोन वाजला. अहल्याबाई होत्या. स्पीकर नव्हता, तरी त्यांचं रडणं खोलीभर ऐकू आलं. शरच्चंद्रांनी टेबलाचा आधार घेतला.

"करंगळी आणि शेजारचं बोट..." ते म्हणाले. "तिला कळतच नाहीयेत. हलत नाहीयेत. उजवा हात आहे, ताई."

पाच

डॉ. मोहना दिघे तिशीतल्या सर्जन होत्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"हाड शाबूत आहे. आत काहीही दिसत नाही. जखम धुऊन टाके घातले. पण सूज वाढतेय आणि बोटं बधिर होताहेत."

"प्लॅस्टिक एक्स-रेत दिसेलच असं नाही," स्नेहलताताई म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून सोनोग्राफी केली. नसेजवळ काहीतरी आहे, पण ते साकळलेलं रक्तही असू शकतं. सुजेत नीट कळत नाही. शंकेवरून मी त्या नसेच्या आसपास चाकू चालवायला तयार नाही, तिथे धक्का लागला तर उरलीसुरली बोटंही जातील. थांबायचं तर किती थांबायचं? तुकडा असेल तर तो नसेला कापत बसलाय." त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "आत तुकडा आहे असं कुणी मला खात्रीने सांगितलं, तर मी आत्ता टेबलावर घेते."

खात्री! ताई तडक घरी आल्या. त्यांनी जमिनीवर पांढरी चादर अंथरली, तोफेच्या पोटाच्या घेराचा एक स्टीलचा डबा शोधला आणि सुपातले तुकडे त्याच्याभोवती लावायला बसल्या. रसिकाची वेल त्यांना वाट दाखवत होती. लाल देठाला लाल देठ, हिरव्या पानाला हिरवं पान. एकेक कड दुसरीला चिकटत गेली, त्यांनी चिकटपट्टीने ती बांधली. पाठ दुखायला लागली तरी त्या उठल्या नाहीत. त्या मुलीला त्यांनी लहानपणी मांडीवर बसवून पाटीवर मोर काढायला शिकवला होता.

तोफेचं पोट पुन्हा उभं राहिलं, पण त्यात दोन भोकं होती.

एक तळहाताएवढं, झाकणाजवळ. दुसरं अंगठ्याच्या नखाएवढं. तिथे वेलीचं एक पान नव्हतं.

लहान तुकडा रसिकाच्या हातात असेल, की गच्चीवरून खाली रस्त्यावर उडाला असेल? आणि मोठा? तो तर हातात मावूच शकत नाही. एवढा मोठा तुकडा गच्चीवर दोन माणसांनी कानाकोपरा धुंडाळूनही सापडला नाही, याचा अर्थ तो कुणीतरी उचलला होता. मग उचलणाऱ्याने एकच उचलला की दोन? लहानही त्यानेच उचलला असेल, तर रसिकाच्या हातात काहीच नव्हतं आणि चाकू चालवणं हाच अन्याय ठरला असता.

एका तुकड्यावर रक्त सुकलं होतं. ताईंनी तो ओल्या फडक्याने पुसला आणि सोनेरी रंग टरफलासारखा सुटून फडक्याला आला. खाली जुन्या पाइपाचा उन्हाने मळकट पिवळा पडलेला पृष्ठभाग होता, आणि त्यावर आडवा एक पांढरा पट्टा. भिंतीवर पाइप धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली ऊन लागलं नव्हतं, तेवढाच जागेवर राहिलेला मूळ रंग. म्हणजे टाकीचाच पाइप. एवढं त्यांना आधी कळलंच होतं.

पण रंगाच्या आणि पाइपाच्या मधे एक पातळ पापुद्रा होता. त्यांनी तो चष्म्याच्या जवळ धरला.

तो निळसर होता.

सहा

इस्पितळाच्या मागच्या अंगणात कडुनिंबाखाली शरच्चंद्र एकटे बसले होते. ताई त्यांच्या समोर उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, जाकिटातला तुकडा द्या."

त्यांचा उजवा हात आपसूक खिशाकडे गेला.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. रसिकाने नव्या पाइपाला सोनेरी रंग दिला आणि ती झोपली. तुम्ही टाकीमागचा पाइप आणलात, नव्याच्या मापाने बारीक करवतीने कापलात. मळकट पिवळ्या पडलेल्या पाइपावर रंग धरेना, म्हणून पुस्तकाच्या पाठीला लावता तशी आधी खळ लावलीत, वर तिचाच उरलेला रंग. मोरचूद घातलेली खळ आपल्या सोसायटीत एकाच घरात असते. सकाळी रसिकाने त्यावर वेल काढली. तोफ फुटली तेव्हा तुमच्या पायाशी एक मोठा तुकडा पडला. त्यावरचा रंग उडाला होता, खालचा जुनेपणा दिसत होता. तो तुम्ही खिशात टाकलात, आणि मग हात बाहेर काढता येईना."

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला तुकडा काढून ताईंच्या हातात ठेवला. त्यांच्या बोटांना कापलेलं होतं.

"मला तिला इजा करायची होती असं वाटतं तुम्हाला?"

"नाही. पण का केलंत, ते मला समजलेलं नाही."

"तो नवा पाइप अजून माझ्या कपाटामागे आहे. केवढा दणकट होता, ताई. मी हातात घेऊन पाहिला. मला वाटलं, एवढा दणकट पाइप म्हणजे तेवढा दणकट मारा. कुणाचा डोळा फोडतील. जुना असला तर कुठून तरी हवा गळेल, बटाटा पायाशी पडेल, पोरं हसतील आणि विषय संपेल. तिच्याशी भांडायचं नव्हतं मला. चार दिवस ती बोलली नव्हती. आणि प्लॅस्टिकच ते. लोखंड थोडंच आहे! फुटलं तरी काय लागणार, असं वाटलं."

"भाऊसाहेब," ताईंचा स्वर चढला नाही, पण त्या थांबल्याही नाहीत, "उन्हात पडलेल्या कागदाचं काय होतं?"

"पिवळा पडतो. घडी घातली की..."

"तुटतो. तुम्ही जन्मभर तेच बघितलंत. जुना कागद हळुवार हाताने उलटायचा, हे मला तुम्हीच शिकवलंत. प्लॅस्टिकचंही तसंच असतं. वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की ते मऊ होत नाही, ठिसूळ होतं. त्यात हवा कोंडली की त्याच्या सुऱ्या होतात."

शरच्चंद्रांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ताईंना त्यांची दया आली, पण दयेला वेळ नव्हता.

"आता नीट आठवून सांगा. यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही किती तुकडे उचललेत?"

"एकच."

"लहान एक, नखाएवढा, पानाचा? खिशात, जिन्यात, कुठे टाकला असेल?"

"नाही. एकच. देवाशपथ एकच, ताई."

त्यांच्या उत्तरात कणभरही लपवाछपवी नव्हती. आता लपवायला त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

"मग रस्त्यावर उडाला असेल, असंही म्हणता येणार नाही," ताई म्हणाल्या, अर्ध्या त्यांच्याशी, अर्ध्या स्वतःशी. "पानाच्या भोकाच्या चारी कडा आतल्या बाजूला तिरप्या चिरल्यात. त्या जागेवर बाहेरून काहीतरी दाबलेलं होतं. रसिका तिथेच हात दाबून बसली होती. शंका एवढीच होती की तो तुकडा तिच्या हातातून पडल्यावर कुणी उचलला की काय. ती तुम्ही मिटवलीत. चला, हे डॉक्टरांना तुमच्या तोंडाने सांगा."

"अहल्येसमोर?"

"अहल्याबाईंसमोर. आणि कुणालसमोर."

ते उठले. ताईंनी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. स्वतःच चालत गेले.

सात

डॉ. मोहनांनी डब्याभोवती बांधलेलं तोफेचं पोट टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिलं. शरच्चंद्रांचं बोलणं त्यांनी एकदाही न अडवता ऐकलं. मग त्या हात धुवायला गेल्या.

बाहेर बाकावर अहल्याबाई नवऱ्यापासून दूर बसल्या. कुणाल उभाच होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा लवलेशही नव्हता. ताईंना ते बरं वाटलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "माझा नवा पाइप असता तर?"

"आज टिकला असता कदाचित. उद्या तुम्ही आणखी जोरात पंप मारला असता. परवा उन्हात ठेवला असता. मग फुटला असता. तो पाणी वाहायला केलेला पाइप आहे, कुणाल. त्याच्यावर छापलेला दाबाचा आकडा पाण्याचा आहे, हवेचा नाही. काकांनी जे केलं ते त्यांच्या माथी. पण तू तोफ केलीस, ती तुझ्या माथी."

कुणालने मान खाली घातली आणि ती हलवली. परिमलभाईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. "पी ले, बेटा," एवढंच ते म्हणाले. चौकीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

दार उघडलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता. डॉ. मोहनांच्या हातात काचेची छोटी बाटली होती. तिच्यात नखाएवढा तुकडा होता, एका बाजूला पांढरट क्षार, दुसऱ्या बाजूला सोनं आणि त्यावर हिरवं टोकदार पान.

"नसेला टेकून बसला होता. अजून कापली नव्हती. बोटं यायला वेळ लागेल, पण येतील असं मला वाटतं."

अहल्याबाई जागच्या जागी रडायला लागल्या. स्नेहलताताईंनी बाटलीतला तुकडा चिमट्याने काढून तोफेच्या पोटातल्या भोकापाशी धरला. चारी कडा नीट जुळल्या.

दुसऱ्या दिवशी रसिका शुद्धीवर येऊन नीट बोलू लागली, तेव्हा शरच्चंद्र तिच्या पलंगाजवळ गेले. अहल्याबाईंनी त्यांना अडवलं नाही, पण त्याही तिथून हलल्या नाहीत. ताई दारात थांबल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. जुना पाइप, करवत, खळ, खिसा. काही सोडलं नाही, काही सारवासारव केली नाही. सांगून झाल्यावर ते मान खाली घालून उभे राहिले.

रसिकाने डाव्या हाताने उजव्या हाताची पट्टी चाचपली.

"सकाळी मी वेल काढायला बसले ना," ती म्हणाली, "तेव्हाच मला कळलं, की खालचा रंग माझा नाही. मी ब्रश लांब ओढते. हा गोल फिरवलेला होता, तुम्ही पुस्तकाच्या पाठीवर फिरवता तसा. सगळीकडे सारखा, एकही ओघळ नाही."

शरच्चंद्रांनी मान वर केली.

"मला वाटलं, माझा ओबडधोबड होता म्हणून तुम्ही रात्री उठून पुन्हा हात दिलात. आपलं बोलणं बंद असूनही माझं काम नीट करून ठेवलंत. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून. त्या आनंदात मी वेल काढली, बाबा. म्हणून ती एवढी छान झाली."

शरच्चंद्र पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी तिचा पट्टी बांधलेला हात उचलला नाही, नुसता आपला हात त्याच्याशेजारी ठेवला. काही वेळाने रसिकाच्या करंगळीची किंचित हालचाल झाली, इतकी अस्पष्ट की ती खरी की भास हे कुणालाच सांगता आलं नसतं. तिने हात सरकवत सरकवत ती करंगळी त्यांच्या कापलेल्या बोटांना टेकवली.

स्नेहलताताईंनी दार हळूच ओढून घेतलं आणि त्या बाहेर कुणालशेजारी येऊन बसल्या.